सात वेद्या आणि हिरव्या बस

मेलबर्न,
१० जानेवारी १९८२

प्रिय चेन्सा,

तिकीट काढलं. मार्चच्या सव्वीस तारखेला मी माल्टात उतरते. अठ्ठावीस वर्षांनी. हे वाचून तू खुर्चीत बसशील, मग उठून आईच्या फोटोपुढे मेणबत्ती लावशील, हे मला इथून दिसतंय.

पण मी मौजेला येत नाही. दोन वर्षांपूर्वी मारीसचं बाळंतपण अडलं, रक्त थांबेना, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा इस्पितळाच्या जिन्यावर बसून मी नवस बोलले होते. माझी लेक वाचली तर ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी मी आपल्या बेटावर सात गावांतल्या सात चर्चमध्ये जाईन आणि त्या एका रात्रीपुरत्या मांडलेल्या प्रभूच्या सात वेद्यांपुढे गुडघे टेकीन. कुणाच्या गाडीतून नाही, कुणाचा हात धरून नाही. सगळे जातात तशी बसने आणि माझ्या पायांनी. मारीस वाचली. नातू आता धावतो. नवस राहिलाय.

मी व्हॅलेटात बस अड्ड्याजवळच्या सिस्टरांच्या वसतिगृहात राहीन. तुझ्याकडे राहिले तर तू मला एकटीला उंबरा ओलांडू देणार नाहीस. वाटेची काळजी नको. बसचे रंग मला अजून पाठ आहेत. आपल्या बिर्किरकाराची लाल, स्लिएमाची हिरवी, बाकीच्याही डोळ्यांपुढे आहेत. रोज झोपताना जपमाळेनंतर एकदा म्हणते.

तुझी,
मेना

*

बिर्किरकारा,
२९ जानेवारी १९८२

प्रिय मेना,

बसले, उठले, मेणबत्ती लावली. आता ऐक.

आधी तुझ्या अक्षराबद्दल. एका ओळीत चार शब्द! फळ्यावर लिहिल्यासारखं. सात पानं आली आणि मजकूर दीड पानाचा. ऑस्ट्रेलियात कागद झाडाला लागतात वाटतं. मी बघ, माझ्या लोन्सूच्या जुन्या वहीची कोरी पानं वापरते आणि समासातही लिहिते.

दुसरं, सिस्टरांकडे राहणार म्हणे! सख्खी बहीण जिवंत असताना? आपल्या गल्लीत काय बोलतील ते तुला कळतंय का? ज्युदित्ता तर आत्ताच विचारून गेली, "काय गं, मेनाला तुझं घर लहान पडतं का?" मी म्हटलं, "नाही, तिला तुझं तोंड चुकवायचंय."

तिसरं, नवस. सात वेद्या आम्हीही करतो, दरवर्षी. पण व्हॅलेटात सात चर्च एकमेकांना खेटून आहेत. तासाभरात होतं. ज्यांना तेवढंही जमत नाही ते एकाच चर्चमध्ये सात वेळा आत-बाहेर करतात, आणि प्रभू त्यांचंही ऐकतो. सात गावं कशाला? शिवाय लोन्सूची गाडी आहे. मी आपले पाद्री दुन आन्ज यांना विचारून घेतलं. ते म्हणाले, नवस बदलून देता येतो, त्यांना तो अधिकार आहे. बदलून ठेवलाय. व्हॅलेटातली सात, लोन्सू दाराशी सोडेल.

आणि मारीसला सांग, म्हाताऱ्या आईला एकटीला जगाच्या दुसऱ्या टोकाला धाडणाऱ्या मुलीला अक्कल नाही असं मावशी म्हणते.

वेदीपुढे ठेवायच्या गव्हाच्या कुंड्या यंदाही माझ्याकडे आहेत. चाळीस दिवस आधी कपाटाच्या अंधारात पेरीन, म्हणजे अंकुर दुधासारखे पांढरे निघतील.

तुझी,
चेन्सा

*

मेलबर्न,
१७ फेब्रुवारी १९८२

चेन्सा,

नवस माझा, आणि बदलून घेणारी तू कोण? तो काही कोट नाही, बाही लांब झाली म्हणून शिंप्याकडे टाकायला. दुन आन्जना माझा नमस्कार सांग आणि जसा होता तसा परत करायला सांग.

तुला तोरा वाटत असेल तर वाटू दे.

मदतच करायची असेल तर एक कर. माझी सात गावं अशी: कोर्मी, झेब्बूज, सिज्जीवी, झाब्बार, झेतून, हमरून आणि शेवटी आपलं बिर्किरकारा. प्रत्येक चर्चला रस्त्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या आहेत ते मोजून कळव. कठडा कुठल्या हाताला आहे तेही. का म्हणून विचारू नकोस. माझे गुडघे आहेत असं समज.

मेना

*

बिर्किरकारा,
६ मार्च १९८२

प्रिय मेना,

सोबत पायऱ्यांची यादी आहे. सातही चर्च, कठड्यासकट. लोन्सूला दोन रविवार फिरवला. कोर्मीच्या चर्चरक्षकाने त्याला हटकलं, "काय रे, पायऱ्या चोरीला जातायत का?" लोन्सू म्हणाला, "ऑस्ट्रेलियाची मावशी विकत घेतेय." घरी येऊन माझ्यावर डाफरला, "आई, तुम्ही दोघी बहिणी वेड्या आहात, फक्त ती लांब आहे म्हणून कमी वाटते."

आपल्या चर्चच्या मी स्वतः मोजल्या. दोनदा.

बसचं म्हणशील तर अवघड काही नाही. पुढच्या काचेवर मोठा आकडा असतो, तो वाचायचा आणि चढायचं. आकड्यांचा कागद तू आलीस की देते.

नवस होता तसा करून घेतला. दुन आन्ज म्हणाले, "तुमच्या बहिणीशी वाद घालण्यापेक्षा मी बिशपांशी घालीन." आता तरी खूश?

विमानतळावर लोन्सू येईल. तेवढी एक गाडी चालेल ना तुझ्या नवसाला?

चेन्सा

*

बिर्किरकारा,
३० मार्च १९८२

मेना,

रविवारी तू जेवायला आलीस आणि गेलीस. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय, म्हणून लिहिते. तोंडावर बोलले असते, पण घरात अर्धी गल्ली बसली होती.

ज्युदित्ता जिन्यावर तुझ्यासमोर उभी होती. हसली, हात पुढे केला. तू तिच्या बाजूने निघून गेलीस. कितीही झालं तरी आपली चुलतबहीण ती. नंतर म्हणते कशी, "विमानातून उतरली पण पाय अजून जमिनीला लागले नाहीत." हे तिने मला ऐकवलं. मला!

बाकल्याच्या शेंगांचं सूप तू अर्धं टाकलंस. बदामाच्या बिस्किटांकडे हात नेला नाहीस. आणि भिंतीकडे बोट करून मी म्हटलं, "बघ, आई." तू म्हणालीस, "किती छान." मेना, तू चर्चच्या कॅलेंडरकडे बघत होतीस. आईचा फोटो हातभर बाजूला होता.

आईच्या अंत्यविधीला तू आली नाहीस, मी एक शब्द बोलले नव्हते. तेव्हा तिकीट परवडत नव्हतं हे मला कळत होतं. पण आता समोर असून तू तिच्याकडे बघतही नाहीस, हे मला कळत नाही. आकड्यांचा कागदसुद्धा टेबलावर तसाच टाकून गेलीस.

गुरुवारी तुला जिथे जायचं तिथे जा.

चेन्सा

*

व्हॅलेटा,
१ एप्रिल १९८२

चेन्सा,

तुझं पत्र सिस्टर बेनिन्यांनी वाचून दाखवलं. वाचून दाखवलं, कारण मला वाचता येत नाही. गेल्या सव्वा वर्षापासून. डोळ्यांच्या मधोमध एक राखाडी डाग आहे. ज्याच्याकडे बघावं ते नाहीसं होतं, कडेकडेचं तेवढं उरतं. माणसाचा झगा दिसतो, चेहरा नाही. रंग दिसतात. अक्षर, आकडा, ओळखीचं हसू, हे गेलं. डॉक्टर म्हणतात, वर्षभरात जे उरलंय तेही जाईल. म्हणून यंदा. म्हणून पायऱ्या. म्हणून हे फळ्यासारखं अक्षर.

जिन्यावर मला वाटलं शेजारची कुणी असेल. सूप मी टाकलं नाही, वाटीत अजून आहे हे मला कळलं नाही. बिस्किटं होती? आईच्या फोटोचं काय सांगू. मी पुष्कळ बघत होते गं.

तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर लोन्सूची गाडी दाराशी आली असती आणि तुझा हात माझ्या कोपराला. नवस तिथेच मोडला असता.

माझा हिशेब साधा होता. आकडा दिसत नाही तर न दिसू दे, रंग दिसतो. लाल बस म्हणजे आपलं गाव. काल सकाळी सराव म्हणून अड्ड्यावर गेले. कारंज्याभोवती बस उभ्या, सगळ्या हिरव्या. वाटलं, आज स्लिएमाला काही आहे. लालची वाट बघत राहिले. पाऊण तास. शेवटी शेजारी भाजीची पिशवी घेऊन कुणी बाई होती, तिला विचारलं, "लाल बस आज बंद आहेत का?" ती म्हणाली, "लाल? बये, लाल बस जाऊन सात वर्षं झाली. सगळ्या हिरव्या रंगवल्या. तू कुठल्या तुरुंगातून सुटलीस?"

चेन्सा, तू एका शब्दाने लिहिलं नाहीस. मी तुला रंग लिहिले होते, पहिल्याच पत्रात.

मी चिडून समोरच्या बसमध्ये चढले. ड्रायव्हरला विचारायला जीभ उचलेना. आपल्याच बेटावर "ही कुठे जाते" विचारायचं? उतरले तेव्हा मासळीचा वास आला आणि होड्यांचे रंग दिसले. मार्साश्लोक! देवळं सोडून मासे बघून आले.

गुरुवारला सात दिवस आहेत. मी जाणारच. गाडी आणू नकोस. कुणाला सांगू नकोस. कीव करायची असेल तर तुझ्या घरात कर, पत्रात नको.

मेना

*

बिर्किरकारा,
५ एप्रिल १९८२

प्रिय मेना,

कीव एक तास केली. स्वयंपाकघरात, दार लावून. मग भात करपला म्हणून उठले. ते झालं.

रंगांचं खरंच माझ्या ध्यानात आलं नाही. तू लिहिलं होतंस, मी वाचलं होतं, आणि मनात म्हटलं, आठवणी काढतेय. हिरव्या झाल्या तेव्हा आम्ही महिनाभर कुरकुरलो, मग विसरलो. रोज समोर असतं ते कुणी पत्रात लिहीत नाही.

आणि देवा, मग मेलबर्नला माझी पत्रं तुला मारीस वाचून दाखवायची? म्हणजे मी तिच्या अकलेबद्दल लिहिलं ते तिनेच मोठ्याने वाचलं? पोरीने ते गाळलंही नाही? मग अक्कल आहे म्हणायची. तिला सांग, मावशीने शब्द मागे घेतला.

आता कामाचं. शनिवारी मी अड्ड्यावर गेले. प्रत्येक गावाची बस कारंज्याभोवती ठरलेल्या जागी उभी राहते, हे मला तीस वर्षं माहीत होतं आणि कधी लक्षात आलं नव्हतं. म्हणून मोजलं. तुझ्या पावलांनी. तू माझ्यापेक्षा बुटकी आहेस, तेवढी आखडती पावलं टाकली.

वेशीतून बाहेर आलीस की सरळ चाल, कारंज्याचा दगडी काठ हाताला लागेल. काठ डाव्या हाताला ठेव. तिथून तेवीस पावलांवर सिज्जीवीची बस. कोर्मी, झेब्बूज, सिज्जीवी एकाच वाटेवर आहेत, ती तिन्ही गुरुवारी संध्याकाळी कर. पुढे एकोणचाळीसवर झाब्बार, बावन्नवर झेतून. परत काठाशी ये, उलटं वळ, काठ उजव्या हाताला, अठरावर आपली बस. ती हमरूनवरून येते. ही चार शुक्रवारी सकाळी, वेद्या मोडायच्या आत.

हे चाललं असताना एक ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "मावशी, नाच शिकताय की बस शोधताय?" मी म्हटलं, "तू गाडीकडे बघ, मला चुकवू नकोस." चुकवलंच मेल्याने. पुन्हा काठापासून सुरू केलं. तिसऱ्या फेरीला तो आपण होऊन खाली उतरला आणि एका म्हाताऱ्याला म्हणाला, "बाजूला व्हा, बाईंचा आकडा मोडेल." नाव व्हितोर.

गुरुवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या घंटा मुक्या होतात, विसरू नकोस. घंटेवरून चर्च शोधायला जाऊ नकोस. लोकांच्या पावलांमागे जा.

मी येणार नाही. लोन्सूला काही सांगितलं नाही. ज्युदित्ताला म्हटलं की तू जिन्यात चक्कर आल्यामुळे थांबली नाहीस. हे खोटं मी पापनिवेदनात सांगेन.

तुझी,
चेन्सा

*

व्हॅलेटा,
१० एप्रिल १९८२, शनिवार

प्रिय चेन्सा,

झाल्या! सातही!

गुरुवारी तुझी तेवीस पावलं अगदी बरोबर निघाली. तीन गावं, तीन वेद्या. कोर्मीला रांग रस्त्यापर्यंत होती, मला बरंच झालं, ढकलत ढकलत लोकांनीच आत नेलं. हात कुणी धरला नाही, मी बघितलं. झेब्बूजला वेदीपुढे पांढरं पांढरं काही पसरलेलं दिसलं. कुंड्या! पांढरं मला अजून दिसतं, कडेने बघितलं की. सिज्जीवीहून परतताना बसमध्ये सगळे जपमाळ म्हणत होते, मी उभीच होते, पण पाय दुखले नाहीत.

शुक्रवारी मात्र घात झाला. काठ डाव्या हाताला, एकोणचाळीस पावलं, आणि समोर मोकळी जागा. सणाच्या दिवशी बस थोड्या, ड्रायव्हर मिळेल तिथे उभे. तुझं सगळं मोजमाप वाया. मी तिथे उभी राहिले. चार गावं राहिलेली, दुपारी वेद्या मोडणार. परत वसतिगृहात गेले असते तर सिस्टरांनी गाडी बोलावली असती.

मग मी ते केलं जे सव्वा वर्षात केलं नव्हतं. मोठ्याने म्हटलं, "मला दिसत नाही. झाब्बारची बस कुठली?"

चारी बाजूंनी सगळे एकदम बोलायला लागले. "इकडे, इकडे!" "अगं तिकडे नाही!" "कुणाची तू? कुठल्या गावची?" एक म्हातारी म्हणाली, "हात दे." मी म्हटलं, "हात नको, नवस आहे. बोलत राहा, मी आवाजामागे येते." ते त्यांना लगेच पटलं. म्हातारी पुढे आणि तिची तक्रार मागे, बसपर्यंत. सुनेबद्दल होती. मला आता त्या सुनेचं सगळं माहीत आहे.

झाब्बार, झेतून, हमरून. प्रत्येक ठिकाणी विचारलं. दुसऱ्या वेळी सोपं गेलं, चौथ्या वेळी तर मी आधीच ओरडायला लागले.

शेवटी आपलं चर्च. पायऱ्या तू लिहिल्या तेवढ्याच. आत मला कुणाला विचारावं लागलं नाही. डाव्या हाताचं दुसरं दालन. आई आपल्याला दरवर्षी तिथेच बसवायची. गुडघे टेकले आणि मारीसचं नाव घेतलं, नातवाचं घेतलं, तुझंही घेतलं. खूप वेळ बसले. इतकं शांत होतं तिथे. वाटलं, गर्दी कशी नाही? मग वाटलं, प्रभूने माझ्यासाठी जागा केली असेल.

उद्या ईस्टरला जेवायला येते. बसने.

तुझी,
मेना

*

बिर्किरकारा,
१२ एप्रिल १९८२

प्रिय मेना,

काल तू इतकी हसत होतीस. ज्युदित्ताला मिठी मारून म्हणालीस, "मला तू दिसत नाहीस, पण तुझा आवाज कुठेही ओळखीन, कर्कश्श आहे," आणि ती रडली. लोन्सू तुझी गोष्ट तीनदा सांगायला लावत होता. कोकराचं मटण तू दोनदा वाढून घेतलंस. त्या सगळ्यांत मला तोंड उघडता आलं नाही. रात्री सगळे गेल्यावरही जमलं नाही, म्हणून आज सकाळी मिस्सा ऐकून आल्यावर लिहितेय.

शुक्रवारी मी चर्चमध्ये होते. येणार नाही म्हटलं होतं ते बसने, तुझ्याबरोबर. माझ्या चर्चमध्ये बसायला कुणाची परवानगी नको. मागच्या बाकावर होते. तू आलीस. काठी नाही, कुणाचा हात नाही. ताठ चालत आलीस. मी बाकाची कड घट्ट धरून ठेवली, म्हणजे उठणार नाही.

तू डावीकडे वळलीस.

मेना, वेदी आता उजवीकडच्या दालनात असते. छत गळायला लागलं तेव्हा हलवली, नऊ वर्षं झाली. डावीकडे आता मोडकी बाकं, शिडी आणि मिरवणुकीच्या पुतळ्यांचे रिकामे चौथरे ठेवतात. तू त्या चौथऱ्यांपुढे गुडघे टेकलेस. माझ्या हातच्या पांढऱ्या कुंड्या तुझ्या पाठीमागे होत्या.

मी उठले. खरंच उठले. चार पावलं टाकली. मग वाटलं, आता जाऊन खांद्याला हात लावला आणि वळवलं, तर ते माझं होईल, तुझं नाही. आणि नाही वळवलं तर? मी तशीच मध्ये उभी राहिले. तू उठलीस, क्रूसाची खूण केलीस, माझ्या हाताच्या अंतरावरून गेलीस. हसत होतीस.

दुसऱ्यांदा मी तुझ्या बाबतीत तेच केलं. पायऱ्या मोजल्या, कठडा लिहिला, आणि ज्यासाठी येत होतीस तेच कुठे आहे ते लिहिलं नाही.

दुन आन्जकडे गेले नाही. ते म्हणतील, प्रभूला सगळं कळतं, झालं, सात धरा. माझंही मन तेच म्हणतं. मी गप्प बसले असते तर तू सुखाने विमानात बसली असतीस. पण नवस तुझा आहे, बदलून घेणारी मी कोण, हे तूच मला शिकवलंस. तेव्हा खरं काय ते तुला माहीत हवं. सहा झाल्या.

चेन्सा

*

व्हॅलेटा,
१४ एप्रिल १९८२

प्रिय चेन्सा,

सिस्टर बेनिन्या वाचता वाचता थांबल्या. म्हणाल्या, "पुढचं पान ओलं झालंय, अक्षर लागत नाही." मी म्हटलं, "सिस्टर, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. वाचा." मग त्यांनी वाचलं.

पहिल्यांदा मी तुला शिव्या दिल्या. सिस्टरांसमोर. मग मला हसू फुटलं. शिडीपुढे गुडघे टेकून अर्धा तास! म्हणून ती शांतता.

प्रभूला कळलं असेल, त्यात मला शंका नाही. ती प्रार्थना त्याने घेतली असेल. पण मी त्याला सात वेद्या बोलले होते, सहा वेद्या आणि एक शिडी नाही. मारीस अर्धीमुर्धी वाचली नव्हती.

तू सांगितलंस ते बरं केलंस. दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं. आता इथून पुढे सगळे मला तुपात घोळवूनच सांगतील. तू तरी तसं करू नकोस.

पुढच्या वर्षी पवित्र गुरुवार मार्चच्या एकतीस तारखेला आहे, सिस्टरांनी बघून सांगितलं. मी येतेय. राहिलेल्या एकीसाठी नाही, सातही पुन्हा करीन. डॉक्टर म्हणाले तसं झालं तर तोवर हिरवा आणि पांढराही गेलेला असेल. जाऊ दे. विचारायला तोंड आहे.

फक्त मी यायच्या आधी एक कर. एक दिवस डोळे मिटून आपल्या चर्चमध्ये जा. दारापासून वेदीपर्यंत. उघडायचे नाहीत, कुणी हसलं तरी. मग हाता-पायांना जे जे लागलं, ते सगळं मला लिही.

तुझी,
मेना